ऑइल कधी बदलायचं? नुसते किलोमीटर बघू नका, तास पण बघा

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात, रिटायर्ड आहेत, गाडी ६ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आणि चाललीये किती तर १९ हजार. रोज सकाळी मंडई, कधी देऊळ, नातवाला क्लासला सोडणं आणणं, बास. मागच्या सप्टेंबरात मला म्हणाले जरा बघ रे, सकाळी स्टार्ट केली की टकटक वाजतं थोडा वेळ. मी बॉनेट उघडून ऑइल टाकायचं झाकण फिरवून काढलं तर झाकणाच्या आतल्या अंगाला दुधावरच्या सायीसारखा पिवळट थर, बोट फिरवलं तर बोटावर आला. म्हटलं काका ऑइल शेवटचं कधी बदललंय, तर म्हणाले अरे १० हजाराला बदलायचं सांगितलंय ना, अजून ७ हजारच झालेत. आणि ते आधीचं ऑइल कधी टाकलेलं, तर सव्वादोन वर्षांपूर्वी.

काकांचं पाठांतर बरोबर होतं पण अर्धंच. बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत असं लिहिलेलं असतं की १०,००० किमी किंवा १२ महिने, यातलं जे आधी होईल ते. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात फक्त १०,००० राहतं, पुढचं वाक्य गळून जातं. म्हणून आज हे जरा सविस्तर लिहितोय, कारण ऑइल ही गाडीतल्या स्वस्त गोष्टींपैकी एक आहे आणि त्याच्याकडे दुर्लक्ष केलं की सगळ्यात महाग काम निघतं.

आधी ऑइल आत करतं काय ते बघू. वंगण तर आहेच, क्रँक (पिस्टनच्या वरखाली हालचालीने गोल फिरणारा दांडा) आणि बेअरिंगच्या मधे ऑइलचा एक पातळ थर असतो आणि क्रँक त्या थरावर अक्षरशः तरंगत फिरतो, धातूला धातू लागत नाही. पण त्याशिवाय ते पिस्टनची उष्णता ओढून खाली आणतं, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरमधली फट भरून काढतं, जळणातून येणारी काजळी स्वतःत धरून ठेवतं म्हणजे ती कुठे बसून तिचा गाळ होऊ नये, आणि इंधन जळताना जी आम्लं तयार होतात ती मारतं. ही शेवटची दोन कामं नुसत्या तेलाची नाहीत, त्यासाठी ऑइलमधे वेगवेगळी रसायनं मिसळलेली असतात. मी त्याला मसाला म्हणतो. डब्यात मोठा भाग तेलाचा आणि उरलेला मसाला. तेल तसं लवकर संपत नाही, मसाला संपतो, आणि तो संपला की ऑइल लेव्हल बघायच्या पट्टीवर पुरेसं दिसत असलं तरी आत काम करत नसतं.

आता मसाला कशाने संपतो? इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. १ लिटर पेट्रोल जळलं की साधारण १ लिटरच्या आसपास पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. हिवाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून पाणी ठिबकताना दिसतं ना, तेच ते. बहुतेक वाफ बाहेर जाते पण थोडा गॅस रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमधे, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतोच, अगदी नव्या गाडीतही, आणि त्याच्याबरोबर पाण्याची वाफ, थोडं न जळलेलं पेट्रोल आणि आम्लं पण उतरतात. गाडी लांब गेली, म्हणजे पुण्याहून साताऱ्याला वगैरे, की ऑइल ९०-१०० अंशांपर्यंत तापतं, पाणी आणि पेट्रोल उडून जातं आणि ती वाफ परत इंजिनात ओढली जाऊन जळून जाते. पण काकांची गाडी २ किमी जाते आणि बंद होते. टेंपरेचरचा काटा मधे आला म्हणजे इंजिन गरम झालं असं आपल्याला वाटतं, पण तो काटा कूलंटचा असतो, ऑइल तापायला त्याच्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, चांगली १५-२० मिनिटं सलग चालवल्याशिवाय ते खऱ्या अर्थाने गरम होत नाही. म्हणजे रोज थोडं पाणी आत येतंय आणि बाहेर कधीच जात नाहीये. त्यात पावसाळ्याची हवा. ती साय म्हणजे पाणी आणि ऑइल घुसळून झालेलं मिश्रण, दुसरं काही नाही.

(मधेच एक महत्त्वाचं: गाडी रोज लांब चालत असूनही झाकणाखाली अशी साय दिसली आणि कूलंट पण कमी होत असेल तर तो वेगळा प्रकार आहे, हेड गॅस्केटमधून पाणी ऑइलमधे जात असू शकतं, तेव्हा ऑइल बदलून भागणार नाही, लगेच गॅरेजला दाखवा.)

आता तासांचं सांगतो. आमचं गाव फलटणकडे, तिथे आमच्या चुलत्यांचा ट्रॅक्टर आहे. त्यांना कधी विचारा अण्णा ऑइल कधी बदलायचं, ते किलोमीटर बोलतच नाहीत, ते तास बोलतात. ट्रॅक्टरला मीटरच तासाचा असतो, साधारण २५० तास झाले की ऑइल, कारण नांगरट करताना ट्रॅक्टर जागच्या जागी घुमल्यासारखा चालतो, अंतर काहीच होत नाही पण इंजिन दिवसभर घाम गाळत असतं. जेसीबीला, जनरेटरला पण तासच. मग आपली कार ट्रॅफिकमधे उभी असते तेव्हा काय वेगळं होतं? इंजिन चालू, ऑइल फिरतंय, तापतंय, काजळी गोळा करतंय आणि किलोमीटर शून्य.

हिशोब करून बघा, सोपा आहे. गाडीच्या डिस्प्लेवर ॲव्हरेज स्पीड दाखवतात, मायलेज नाही, स्पीड. माझी हिंजवडीला रोज जाणारी गाडी १८ दाखवते. म्हणजे १०,००० किमी व्हायला १०,००० भागिले १८, साधारण ५५५ तास. माझा एक मित्र नाशिकला राहतो आणि कामासाठी सतत धुळे जळगाव करतो, त्याची ॲव्हरेज स्पीड ५५ च्या आसपास, त्याचे १०,००० किमी होतात १८२ तासात. दोघांच्या सर्व्हिसचा स्टिकर सारखा, १०,००० चा, पण माझ्या ऑइलने त्याच्या तिप्पट वेळ काम केलेलं असतं, आणि तेही जास्त वाईट परिस्थितीत कारण क्लच दाब, सोड, थांब, परत निघ. मग दोघांचं ऑइल एकाच आकड्याला कसं बदलायचं?

गंमत म्हणजे कंपन्यांनी हे लिहून ठेवलेलं असतं. पुस्तिकेच्या मागच्या पानांवर जिथे मेंटेनन्सचा तक्ता संपतो तिथे खाली आणखी एक छोटा तक्ता असतो, खडतर वापरासाठीचा. सतत कमी अंतराच्या फेऱ्या, धुळीचे रस्ते, ट्रॅफिकमधे जास्त वेळ उभं राहणं, घाट, ट्रेलर ओढणं, असलं काही असेल तर ऑइल लवकर बदला असं त्यात असतं, काही गाड्यांना तर सरळ निम्मं अंतर दिलेलं असतं. आता सांगा, पुणे मुंबई ठाण्यातली कुठली गाडी यातून सुटते? मराठवाड्यातल्या धुळीच्या रस्त्यावरची? आपला रोजचा वापर हाच त्यांच्या भाषेत खडतर वापर आहे आणि आपण मात्र वरच्या तक्त्यातला आदर्श वापराचा आकडा धरून बसतो.

मी स्वतः काय करतो ते सांगतो, नियम म्हणून नाही तर हिशोब म्हणून. ॲव्हरेज स्पीड २० च्या खाली असेल तर साध्या पेट्रोल गाडीला ७ ते साडेसात हजार. टर्बो पेट्रोल (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारी) असेल आणि शहरातच फिरत असेल तर मी ५-६ हजाराच्या पुढे जात नाही, कारण टर्बोचं बेअरिंग त्याच ऑइलवर चालतं आणि तिथे प्रचंड उष्णता असते, शिवाय डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमधे फवारणाऱ्या इंजिनात पेट्रोल ऑइलमधे जास्त उतरतं. बहुतेक हायवेच असेल तर पुस्तिकेतला आकडा, निवांत. आणि गाडी कमी चालत असेल तर किलोमीटर विसरा, वर्षातून एकदा बदला, १,५०० किमी झालेले असले तरी. कमी चालणाऱ्या गाड्यांना मी दसऱ्याच्या आसपास बदलायला सांगतो. पावसाळा संपलेला असतो, चार महिन्यांची ओल ऑइलमधे बसलेली असते, आणि तसंही आपण गाडी धुऊन हार घालतोच त्या दिवशी, मग लक्षातही राहतं. वॉरंटी चालू असेल तर मात्र कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या पुढे एक दिवस पण जाऊ नका आणि बिलं जपून ठेवा, आधी बदललं तर कोणी काही म्हणत नाही.

फुल सिंथेटिक टाकलंय, आता १५-२० हजार बघायला नको, असं बरेच जण म्हणतात. सिंथेटिक खरंच चांगलं असतं, उष्णतेत लवकर जाड होत नाही, थंडीत लवकर वाहतं, मी तेच वापरतो. पण त्यात पडणारं पाणी, पेट्रोल आणि काजळी सिंथेटिक बघून कमी पडत नाही ना. पुस्तिकेत जी मुदत असते ती बऱ्याच नव्या गाड्यांत सिंथेटिक किंवा सेमी सिंथेटिक धरूनच दिलेली असते. आणि उलट बाजू पण आहे, दर ३ हजाराला ऑइल बदलायचा जो जुना आग्रह आहे तो फियाट-अँबॅसिडरच्या काळातला, तेव्हा कार्ब्युरेटर होते, चोक ओढला की पेट्रोल अक्षरशः चेंबरमधे वाहायचं, ऑइलही साधं मिनरल. आजच्या गाडीला एवढ्या लवकर बदलणं म्हणजे पैसे वाया.

ऑइल काळं पडलं म्हणजे खराब झालं, हाही मोठा गैरसमज. डिझेल गाडीत नवं ऑइल टाकून दोनचार दिवस फिरा, काळं कुट्ट झालेलं असतं, याचा अर्थ ते काजळी धरून ठेवतंय, म्हणजे काम करतंय. उलट सीएनजी गाडीत ऑइल कितीतरी महिने मधासारखं स्वच्छ दिसतं कारण सीएनजीला काजळी जवळजवळ नसते, पण त्याचं जळण गरम असतं, ऑइल दिसायला चांगलं असताना आतून ऑक्सिडाइज होऊन जाड होत असतं. आमच्या भागातले सीएनजीवाले रिक्षावाले टॅक्सीवाले पट्टी बघून म्हणतात अजून चालेल, तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण त्यांची गाडी दिवसाला १०-१२ तास चालू असते. रंगावरून ठरवू नका, एवढंच.

ग्रेडबद्दल थोडं. डब्यावर ५डब्ल्यू-३० असं असतं, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं त्याचा, जितका लहान तितकं चांगलं, आणि दुसरा आकडा १०० अंशाला ते किती जाड राहतं त्याचा. तूप डोळ्यासमोर आणा. हिवाळ्यात बरणीतलं तूप थिजतं, चमचा घातला तर उभा राहतो, आणि तेच गरम कढईत पाण्यासारखं पळतं. ऑइलने सकाळी थिजायचं नाही आणि कढईत पण फार पातळ व्हायचं नाही, दोन्ही जमवायला तो सगळा मसाला. इंजिनची बरीच झीज सकाळी थंड गाडी स्टार्ट करताना होते कारण रात्रभर ऑइल खाली उतरून बसलेलं असतं. काकांच्या गाडीतली टकटक तीच होती, वरपर्यंत ऑइल पोचायला वेळ लागत होता.

आता नव्या गाड्यांना ०डब्ल्यू-२०, ०डब्ल्यू-१६ असली पातळ ऑइल सांगतात आणि काही जुने मिस्त्री म्हणतात हे काय पाणी आहे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० टाका. त्यांचा अनुभव मोठा आहे, मी त्यांच्याकडूनच शिकलोय, पण या बाबतीत नका ऐकू. नव्या इंजिनात बेअरिंगच्या फटी, ऑइलचा पंप, व्हॉल्व टायमिंगची यंत्रणा सगळं त्या पातळ ऑइलचा हिशोब धरून बनवलेलं असतं, आणि बाहेर ४२ अंश असो की १२, आत ऑइल साधारण तेवढंच तापतं. पुस्तिकेत दोन तीन ग्रेड दिलेल्या असतात, त्यातली जाड बाजूची घ्या हवी तर, पण यादीबाहेर जाऊ नका. ग्रेडबरोबर दर्जा पण बघा, पेट्रोलसाठी एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसपी, हा २०२० साली आला, टर्बो इंजिनातली एक विशिष्ट प्रकारची ठोक आणि टायमिंग चेनची झीज यासाठी त्यात वेगळ्या चाचण्या आहेत.

डिझेलवाल्यांसाठी एक स्वतंत्र इशारा. एप्रिल २०२० पासून बीएस६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि डिझेल कारना डीपीएफ आला, म्हणजे काजळी पकडणारा फिल्टर. तो भरला की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल मारून तो तापवते आणि काजळी जाळते. हे व्हायला गाडी २०-२५ मिनिटं बऱ्या वेगात चालावी लागते. तुम्ही मधेच ऑफिस आलं म्हणून बंद केली, परत संध्याकाळी तेच, तर ते जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमधे जातं. मग काय होतं, ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं! पट्टीवर लेव्हल मॅक्सच्या वर दिसते आणि लोक खूश, वा, गाडी ऑइल खातच नाही. वास घेऊन बघा, डिझेलचा वास येईल, दोन बोटात चोळलं तर पातळ लागेल. अशा वेळी किलोमीटर कितीही झालेले असोत, ऑइल बदलायचं, आणि पुढे आठवड्यातून एकदा तरी गाडी हायवेला अर्धा तास पळवून आणायची. शिवाय डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, पुस्तिकेत एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचा दर्जा) सी२ किंवा सी३ असं काही लिहिलेलं असेल तर तेच, साधं स्वस्तातलं टाकलं तर त्याची राख त्या फिल्टरमधे कायमची बसते, ती जळत नाही.

पट्टी बघायची पद्धत पण सांगून टाकतो कारण चुकीची बघणारे खूप. सपाट जागा, इंजिन बंद करून ५-१० मिनिटं थांबायचं, पट्टी बाहेर काढून जुन्या सुती कापडाने कोरडी पुसायची, परत पूर्ण आत घालायची, मग काढून बघायचं. मिन आणि मॅक्सच्या मधे कुठेही असेल तर ठीक. छोट्या गाडीत एकूण ऑइलच ३ ते साडेतीन लिटर असतं, म्हणजे १ लिटर कमी झालं तर जवळजवळ तिसरा हिस्सा गेला, उरलेल्यावर तेवढाच भार. आणि मॅक्सच्या वर भरून घेऊ नका, बरं म्हणून थोडं जास्त असं इथे चालत नाही, क्रँक ऑइलमधे बुडून ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाचं वंगण होत नाही. महिन्यातून एकदा बघा, दोन मिनिटांचं काम आहे. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलच्या भांड्याचा दिवा ऑइल बदलायची आठवण करून देणारा नसतो, तो प्रेशर गेल्याचा असतो, चालत्या गाडीत लागला तर पुढचा चौक गाठायचा नाही, बाजूला घेऊन तिथेच बंद करायची.

ऑइलबरोबर फिल्टर दर वेळी बदला. फिल्टर चोंदला तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून त्यात एक बायपास व्हॉल्व असतो, तो उघडतो आणि न गाळलेलं ऑइल सरळ आत जातं, तुम्हाला कळत पण नाही. चेंबरच्या नटाचा वायसर पण नवा, किरकोळ पैशांची वस्तू आहे आणि जुना लावला की पार्किंगमधे थेंब पडायला लागतात.

आता गिअरबॉक्स. इथे गोंधळ जास्त आहे कारण ऑइल बदला असं कोणी सांगतच नाही.

मॅन्युअल गिअरबॉक्स सगळ्यात साधा. त्यात जळण नाही, काजळी नाही, पाणी नाही, फक्त दातांची आणि सिंक्रोच्या (गिअर टाकताना वेग जुळवून देणाऱ्या) रिंगांची झीज होऊन बारीक चुरा ऑइलमधे येतो. आकडा गाडीप्रमाणे बदलतो, मी ६० हजाराला बदलतो, घाटात जास्त जाणं असेल तर थोडं आधी. सकाळी थंड गाडीत पहिल्यावरून दुसरा टाकताना अडकल्यासारखं वाटत असेल तर ऑइल बदलून बराच फरक पडतो. एक काळजी घ्या, पुस्तिकेत जीएल-४ हा गिअर ऑइलचा दर्जा असेल तर जीएल-५ टाकू देऊ नका, ते वरचढ दिसतं पण त्यातला गंधकाचा जोरकस मसाला पितळेच्या सिंक्रो रिंगांना मानवत नाही. एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल), जी २०१४ मधे मारुती सेलेरिओबरोबर आपल्याकडे आली आणि मग सगळ्यांच्याच छोट्या गाड्यांत दिसायला लागली, ती आतून मॅन्युअलच आहे, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. त्यामुळे गिअर ऑइलचा हिशोब तोच, वर त्या यंत्राचं हायड्रॉलिक ऑइल वेगळं असतं, सर्व्हिसला त्याची लेव्हल बघायला आवर्जून सांगा.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे खरीखुरी ऑटोमॅटिक, तिथे गोष्ट पूर्ण बदलते. त्यातलं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, नुसतं वंगण नाही. इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे जाते ती या फ्लुइडमधून, म्हणजे दोन पंखे समोरासमोर ठेवलेत आणि मधे हवेच्या जागी फ्लुइड आहे असं समजा. आतले क्लच दाबले जातात ते याच फ्लुइडच्या प्रेशरने, आणि ते क्लच किती घसरायचे, कधी पकडायचे हे पण याच्याच घर्षणाच्या गुणावर ठरतं. खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे रांगेत लागलात किंवा मुंबईच्या ट्रॅफिकमधे तासभर रांगलात की हे फ्लुइड तापतं, आणि तेलाचा ढोबळ नियम असा आहे की तापमान १० अंशांनी वाढलं की ते खराब व्हायचा वेग साधारण दुप्पट होतो.

माझ्या मेहुण्याकडे अशी एक ऑटोमॅटिक एसयूव्ही आहे. ८२ हजाराला ती दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना झटका द्यायला लागली. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर सांगितलं सर हे लाइफटाइम फ्लुइड आहे, बदलायची गरज नाही. आम्ही ऑटोमॅटिकचं काम येणारं एक गॅरेज शोधलं, मी स्वतः उभा होतो. मूळचं लाल फ्लुइड, नटातून पडलं ते कोऱ्या चहासारखं, वास करपलेला. नटाला आतून लोहचुंबक असतं, त्याच्यावर करडी लुसलुशीत पेस्ट जमलेली, बोटात चोळली तर पेन्सिलच्या शिशाच्या पुडीसारखी. मिस्त्री म्हणाला एवढी चालते, ही झिजेची आहे, कणी लागली असती हाताला तर काळजी होती. आत असलेल्या ७-८ लिटरपैकी ४ च्या आसपासच निघालं, कारण बाकीचं कन्व्हर्टरमधे आणि नळ्यांमधे अडकून राहतं, ते नट उघडून येत नाही. म्हणून आम्ही हजार किमी चालवून परत एकदा तेच केलं. पहिल्यांदा निम्मं नवं झालं, दुसऱ्यांदा पाऊण. झटका आता जवळजवळ गेलाय.

लाइफटाइम म्हणजे कोणाचं लाइफ हा प्रश्न विचारायला हवा. झेडएफ ही जर्मनीची गिअरबॉक्स बनवणारी मोठी कंपनी, अनेक महागड्या गाड्यांत त्यांचे गिअरबॉक्स असतात, आणि ती स्वतः सांगते की ८० हजार ते १ लाख २० हजार किमीच्या दरम्यान किंवा ८ वर्षांनी ऑइल बदला, वापर कसा आहे त्यावर. बनवणाराच हे सांगतोय तर माझ्या मते प्रश्न मिटला. आपल्याकडच्या वापराला मी ६० ते ८० हजार धरतो.

ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स गेला, हे पण ऐकलं असेल तुम्ही. तसं होतं, पण कारण उलटं असतं. लोक दीड लाख किमी हात लावत नाहीत, क्लच झिजून घसरायला लागतात तेव्हा धावत जाऊन फ्लुइड बदलतात, आणि मेलेला गिअरबॉक्स नवीन फ्लुइडने जिवंत होत नाही. कधी मशीन लावून जोराने फ्लश केल्याने साचलेली घाण सुटून बारीक वाटांमधे अडकते हे पण खरं, म्हणून जुन्या गाडीला मशीनचा फ्लश नको, नटातून काढा आणि तेवढंच भरा. शिवाय बऱ्याच नव्या गिअरबॉक्सला पट्टीच नसते, फ्लुइडची लेव्हल ठराविक तापमानाला, बऱ्याच ठिकाणी ४० अंशांच्या आसपास, स्कॅनर लावून बघतात, त्यामुळे हे काम कोपऱ्यावरच्या ऑइल चेंजवाल्याचं नाही.

सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअर नसलेली ऑटोमॅटिक, असेल तर मी आणखी लवकर, ४० हजाराच्या आसपास. आत स्टीलचा पट्टा दोन पुलींच्या मधे दाबून धरलेला असतो, तो घसरू नये आणि झिजूही नये अशा नेमक्या घर्षणाचं फ्लुइड लागतं, म्हणून सीव्हीटीमधे साधं एटीएफ चुकूनही नको, तिथे कंपनीच्या नावाचंच घ्या, पैसे वाचवायची ही जागा नाही. डीसीटीमधे, म्हणजे दोन क्लच असलेल्या ऑटोमॅटिकमधे, ओला क्लच की कोरडा ते विचारा. ओल्यात क्लच फ्लुइडमधेच बुडलेले असतात, त्यांचा चुरा त्यातच पडतो, फोक्सवॅगनच्या ६ गिअरवाल्या ओल्या डीएसजीला (त्यांचं डीसीटीचं नाव) तर ६० हजाराची मुदतच दिलेली आहे. कोरड्यात ऑइलवर एवढा ताण नसतो, तिथे त्रास होतो तो ट्रॅफिकमधे क्लच तापण्याचा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनो, तुम्ही इंजिन ऑइलमधून सुटलात, पण मोटरच्या पुढे गिअर असतातच आणि त्यांना ऑइल असतंच, एकदा पुस्तिका उघडून बघा.

सेकंडहँड गाडी घेतली असेल आणि मागचा हिशोब मिळत नसेल तर ओडोमीटर बघत बसू नका, इंजिन ऑइल, फिल्टर आणि गिअरबॉक्सचं फ्लुइड पहिल्याच आठवड्यात बदला, आणि आपली वही तिथून सुरू करा. तारीख, किलोमीटर, ग्रेड, एवढं लिहिलं तरी पुरतं.

काकांच्या गाडीचं ऑइल आम्ही बदललं, ते निघालं तेव्हा तळाशी घट्ट, डिंकासारखं. आत बसलेला गाळ एका वेळी सुटत नाही म्हणून दीड हजार किमीला परत बदलायचं ठरवलं, मधेमधे काका रविवारी सकाळी गाडी घेऊन सासवडपर्यंत जाऊन यायला लागले. टकटक आता एक दोन सेकंदच येते. निघालेलं जळकं ऑइल काकांना घरी हवं होतं, गावाकडच्या घराच्या वाशांना वाळवीसाठी लावायला, आपल्याकडे ती पद्धत आहे. मी नको म्हटलं. वापरलेल्या ऑइलमधे जळणातली आणि झिजलेल्या धातूंची विषं असतात, हाताला लागू नये, मातीत जाऊ नये, ओढ्यात तर अजिबात नाही. गॅरेजवाल्याकडे जळक्या ऑइलचा पिंप असतो, ते गोळा करून नेतात आणि शुद्ध करून त्याचं परत ऑइल बनतं. आम्ही आमचे तीन लिटर त्याच्या पिंपात ओतले.